पातेल्यात पाणी किती? : रश्श्याचा जगभरचा इतिहास

मायबहिणींनो, मैत्रिणींनो, आजचा विषय आपल्या चुलीवरचाच आहे. रस्सा, आमटी, सार, कढी, कढण, आंबील, पेज. शहरातल्या हॉटेलात वाटीत घालून, वर मिरपूड भुरभुरून ज्याला ‘सूप’ म्हणतात, ते या सगळ्यांचंच भावंड. तुम्ही म्हणाल, यात इतिहास कसला? इतिहास म्हणजे राजे, लढाया, किल्ले. पण आम्ही गटांच्या कामासाठी वाचायला बसलो आणि लक्षात आलं, की रश्श्याच्या पातेल्यातही दुष्काळ आहे, गुलामी आहे, स्वातंत्र्य आहे आणि बाईचं पोटही आहे. ते आज थोडं थोडं वाढतो.

सूप किती प्रकारचं?

आधी शब्दच बघू. आपल्या घरात सूप आहे ते धान्य पाखडायचं. तो शब्द संस्कृतातल्या ‘शूर्प’ वरून आला. पण संस्कृतात दुसरा ‘सूप’ शब्दही आहे आणि त्याचा अर्थ शिजवलेली डाळ, म्हणजे आपलं वरण! स्वयंपाक्याला म्हणत ‘सूपकार’. महाभारतात पांडव विराट राजाच्या घरी लपून राहिले, तेव्हा भीम बल्लव नावाचा आचारी झाला, हे आपण कीर्तनात ऐकलेलं आहे. तिथे जाण्याआधी भीम भावांना सांगतो की मी राजासाठी सूप करीन, आणि ते सूप म्हणजे हेच वरण-आमटी. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी मराठीत पाककृतींचं पुस्तक छापलं. त्याचं नावही ‘सूपशास्त्र’. म्हणजे ‘आम्हाला बाई सूपबिप काही येत नाही’ असं आपल्यापैकी कुणी म्हणू नये. आपण रोज दोनदा सूप करतो.

इंग्रजी ‘सूप’चं घराणं वेगळं. युरोपात पूर्वी पावाचा वाळका तुकडा कढत रश्श्यात बुडवून खात. त्या भिजवलेल्या तुकड्याला जे नाव होतं, त्यावरूनच पुढे रश्श्याला ‘सूप’ म्हणू लागले. रात्रीच्या जेवणाला इंग्रजीत ‘सपर’ म्हणतात, तोही याच कुळातला शब्द. म्हणजे आपण ताटात बाजरीची भाकर चुरतो, वर रस्सा ओततो आणि कांदा फोडून खातो, ते जे काही आहे, तेच युरोपातल्या शेतकऱ्याचं जुनं सूप.

शब्दांची अशी कुळं शोधणारे मोठे इतिहासकार वि. का. राजवाडे शेवटी आपल्या धुळ्यातच राहत होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यातच वारले. दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाने इथे संशोधन मंडळ सुरू झालं. धुळ्याला बाजाराला गेलात तर एकदा ती वास्तू जरूर बघा.

आधी भांडं, मग रस्सा

भाजायला भांडं लागत नाही. कणीस निखाऱ्यावर भाजता येतं, मासा काडीला टोचून भाजता येतो. पण उकळायला भांडं लागतं. चीनमध्ये एका गुहेत मातीच्या भांड्यांचे तुकडे सापडले. शास्त्रज्ञांनी २०१२ साली जाहीर केलं, की ते सुमारे २०,००० वर्षांपूर्वीचे आहेत. काही तुकडे बाहेरून जळाल्यासारखे काळे पडलेले होते. म्हणजे ते विस्तवावर चढवले गेले होते. शेती सुरू होण्याच्या हजारो वर्षं आधी माणूस भांड्यात काहीतरी शिजवत होता.

आपली तापीही यात मागे नाही. तापी आणि गोमाईच्या संगमावरच्या प्रकाशे गावात १९५५ साली उत्खनन झालं. तेव्हा ते गाव आपल्या खान्देशात एकत्र होतं, आता नंदुरबार जिल्ह्यात आहे. तिथे फार जुन्या वस्तीची भांडी निघाली. तापीकाठच्याच सावळदा गावाच्या नावावरून चार हजार वर्षांपूर्वीच्या एका संस्कृतीला ‘सावळदा संस्कृती’ म्हणतात आणि ती ओळखली जाते तिच्या रंगवलेल्या मातीच्या भांड्यांवरून. राजाचं नाव उरलं नाही, लढाई उरली नाही. उरलं ते गाडगं-मडकं. ती गाडगी रोज कोण हाताळत असेल, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

भांड्यात शिजवण्याने एक मोठी गोष्ट झाली. ज्याला दात नाहीत अशा म्हाताऱ्या माणसाला आणि ज्याला दात यायचेत अशा बाळालाही खाता येऊ लागलं. कडक दाणा, चिवट मुळी, हाड, सगळं मऊ झालं.

वैद्यांनी लावलेला क्रम

आपल्या जुन्या वैद्यकात पातळ पदार्थांचा बारीक विचार आहे. चरकसंहितेत सुरुवातीच्याच एका अध्यायात निरनिराळ्या आजारांसाठी २८ प्रकारच्या यवागू, म्हणजे पेजा सांगितल्या आहेत. नावंही घट्टपणावरून पाडलेली. नुसतं वरचं पाणी तो ‘मंड’. थोडी शितं असली की ‘पेया’. शितं जास्त आणि पाणी कमी, ती ‘विलेपी’. डाळी-कडधान्यांचा तो ‘यूष’, म्हणजे आपलं मुगाचं कढण. मांसाचा तो ‘मांसरस’.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे. शरीरशुद्धीनंतर अशक्त झालेल्या माणसाला आधी पातळ पेया द्यायची, मग घट्ट विलेपी, मग कढण, मग मांसरस आणि मग नेहमीचं जेवण. म्हणजे पातळ हे सुरुवातीला, एक-दोन वेळांसाठी. पायरी चढत चढत घट्टाकडे जायचं. त्या वैद्यांनीही कुणाला कायमचं पाण्यावर ठेवलं नाही.

आपला खान्देशी रस्सा किती परदेशी?

आता आपली शेवभाजी घ्या. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या कुठल्याही ढाब्यावर मिळते. लालभडक तर्री, काळा मसाला, वरून शेव. यापेक्षा अस्सल खान्देशी काय असणार? पण जरा जिन्नस निवडून बघा. लाल मिरची मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ती आपल्याकडे आणली. टोमॅटो अमेरिकेचा. शेंगदाणा आणि त्याचं तेल, तेही मूळ दक्षिण अमेरिकेचं. शिवाजी महाराजांच्या पणजोबांच्या काळात रश्श्याला तिखटपणा यायचा तो मिऱ्याने, पिंपळीने, सुंठीने. खोबरं आपल्याकडे येतं ते समुद्रकाठावरून. आणि दगडफूल? ते तर फूलच नाही. दगडावर, झाडाच्या सालीवर वाढणारं ते एक प्रकारचं शेवाळासारखं जीवन आहे.

मग खान्देशी काय उरलं? हात. ते सगळं कोरडं भाजून, करपू न देता काळं करायचं आणि पाट्यावर वाटून एक करायचं, ही अक्कल आपल्या बायांची. जगातून आलेलं सगळं त्यांनी आपलं करून टाकलं.

उलटंही झालं. मद्रासेत राहणाऱ्या इंग्रज साहेबांना जेवणाच्या सुरुवातीला सूप लागायचं. तिथल्या स्वयंपाक्यांनी त्यांना आपलं मिऱ्याचं सार करून दिलं. तमिळमध्ये त्याला ‘मिळगु तण्णीर’ म्हणतात, म्हणजे मिऱ्याचं पाणी. साहेबांच्या तोंडात त्याचं ‘मुलगटानी’ झालं. त्यात त्यांनी मांस घातलं, आणि ते सूप साहेबांबरोबर बोटीत बसून विलायतेला गेलं. सांबाराची तर आख्यायिका अशी सांगतात, की तंजावरच्या मराठा राजांच्या मुदपाकखान्यात आमसूल संपलं, म्हणून चिंच घालून आमटी केली आणि पाहुणे आलेल्या संभाजीराजांचं नाव तिला दिलं. आख्यायिका आहे, खरी-खोटी देव जाणे. पण तंजावरात १६७६ पासून १८५५ पर्यंत मराठ्यांचं राज्य होतं, हे मात्र पक्कं.

आणि ‘रेस्टॉरंट’ ही पाटी? अठराव्या शतकात पॅरिस शहरात अशक्त माणसाला ताकद देणारा मांसाचा कढ विकायचे. ‘पुन्हा उभं करणारा’ म्हणून त्या कढालाच ‘रेस्टोरां’ म्हणत. तो कढ विकणाऱ्या दुकानालाही तेच नाव पडलं. म्हणजे हायवेवरच्या प्रत्येक रेस्टॉरंटच्या पाटीवर खरं तर एका रश्श्याचं नाव लिहिलेलं आहे.

पाणी वाढवणारे साहेब

इथवर गंमत झाली. आता पातेल्यातलं पाणी बघू.

सुमारे १७९० च्या सुमारास जर्मनीतल्या म्युनिक शहरात काउंट रम्फर्ड नावाचे एक अधिकारी होते. हुशार माणूस, कमी सरपणात जास्त शिजवणाऱ्या चुली त्यांनी तयार केल्या. गरिबांना कामाला लावून जेवू घालायचं कामही त्यांच्याकडे होतं. त्यांनी सातू, वाटाणे, नंतर बटाटे आणि भरपूर पाणी घालून एक सूप बसवलं. सातू बराच वेळ उकळला की फुगतो, पाणी दाट दिसतं. त्यावरून रम्फर्डसाहेबांनी लिहून ठेवलं, की पाणी स्वतःच अन्नासारखं पोसतं! ही समजूत चुकीची होती. पण सूप स्वस्त होतं, म्हणून लंडन, जिनिव्हा, पॅरिस अशा शहरांत ते गरिबांसाठी चालू झालं. पोट भरल्यासारखं वाटणं आणि अंगाला लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सोसून कळलं ते खाणाऱ्यांना.

मग आयर्लंडचा दुष्काळ. तिथले गरीब लोक बटाट्यावर जगायचे. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला आणि पुढची वर्षं पीक कुजत राहिलं. सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच किंवा जास्त देश सोडून गेली. १८४७ मध्ये इंग्रज सरकारने सूपची अन्नछत्रं काढली. त्या जुलैत रोज तीस लाखांहून जास्त लोक तिथून जेवण नेत होते. लंडनच्या एका बड्या क्लबचे आचारी अलेक्सी सोये डब्लिनला आले आणि त्यांनी मोठं छत्र उभारलं. घंटा वाजली की एक पंगत आत, चमचे साखळीने बांधलेले, घंटा वाजली की बाहेर, मग दुसरी पंगत. व्यवस्था चोख होती. पण डॉक्टरांनी आणि टीकाकारांनी विचारलं, की या सुपात पाण्याशिवाय आहे किती? आणि तरीही, हे लक्षात घ्या, मरणाऱ्याला त्या छत्रांचा आधार होता. सरकारने ती काही महिन्यांतच बंद केली आणि त्यानंतर हाल आणखी वाढले. पातळ का होईना, मिळत होतं ते चांगलं होतं. पण जितकं मिळायला हवं होतं, तितकं ते नव्हतं.

या सगळ्या साहेबांना उत्तर दिलं ते एका बाईने. फ्लॉरेन्स नाइटिंगेल, आधुनिक परिचर्येची सुरुवात करणारी. त्या काळी आजाऱ्याला गोमांसाचा पातळ कढ द्यायचे आणि तो फार पौष्टिक समजायचे. १८५९ च्या सुमारास निघालेल्या आपल्या पुस्तकात तिने सांगितलं, की तो कढ आटवून बघा, तळाशी किती उरतं ते. अर्ध्या पिंटात, म्हणजे साधारण मोठ्या पेलाभर कढात, जेमतेम चमचाभर. कढाने आजाऱ्याला बरं वाटतं, हे तिने नाकारलं नाही. पण त्यालाच जेवण समजू नका, हे तिचं म्हणणं. प्रयोगशाळा नको, पदवी नको. चूल, भांडं आणि डोळे उघडे.

आपले दुष्काळ

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनेत आणि मद्रास इलाख्यात फार भयंकर होता. मद्रासेत सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम धान्य पुरेल, असा हिशेब बांधला. तिथले आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी विरोध केला. राबणाऱ्या माणसाला एवढ्यावर ठेवता येणार नाही, धान्य वाढवा आणि सोबत डाळही द्या, हे त्यांचं म्हणणं. ‘डाळ द्या’ हे भांडण दीडशे वर्षं जुनं आहे, बायांनो.

त्याच १८७७ साली आपल्या महाराष्ट्रात सत्यशोधक समाजाने दुष्काळग्रस्तांसाठी अन्नाची सोय केली. पुण्याजवळ धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी आश्रम काढला, तिथे मुलांना जेवण मिळे. सावित्रीबाई फुले जुन्नर-ओतूर भागात फिरत होत्या. २० एप्रिल १८७७ रोजी ओतूरहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्या भागातले हाल नोंदवले आहेत. शाळेच्या सावित्रीबाई आपल्याला ठाऊक आहेत. दुष्काळात उपाशी पोरांच्या ताटाची काळजी करणाऱ्या सावित्रीबाईही तितक्याच ध्यानात ठेवायला हव्यात.

आणि १९७२ चा दुष्काळ तर आपल्या आयाआज्यांच्या अंगावरून गेलेला. खडी फोडायची कामं, नालाबांधाची कामं, परदेशातून आलेली लाल ज्वारी मिलो, आणि वाटली जाणारी ‘सुकडी’. ज्यांच्या घरात सत्तरीच्या पुढच्या आजी आहेत, त्यांनी त्यांना विचारा, तेव्हा रश्श्यात काय असायचं. आजी सांगतील. आणि ते लिहून ठेवा. हाही इतिहासच आहे, तो कुठल्याही सरकारी कागदात मिळणार नाही.

कारखान्यातल्या बायांचं सूप

मॅगी म्हटलं की पोरं टुणकन उठतात. पण मॅगी हे माणसाचं आडनाव आहे, आणि त्या नावाची सुरुवात शेवयांनी झाली नाही. स्वित्झर्लंडमध्ये १८८० नंतरच्या वर्षांत बाया कारखान्यात दिवसभर राबत. घरी येऊन शिजवायला वेळ नाही, सरपण महाग, त्यामुळे कामगारांच्या घरचं जेवण निकस झालेलं. तिथल्या लोककल्याण संस्थेने आणि कारखाने तपासणाऱ्या एका डॉक्टरने यावर उपाय शोधायचं ठरवलं. युलियुस मॅगी यांची पिठाची गिरणी होती. त्यांनी वाटाण्याच्या आणि घेवड्याच्या पिठापासून झटपट होणारं सूप तयार केलं, १८८६ साली ते बाजारात आलं. म्हणजे मॅगी जन्मली ती राबणाऱ्या बाईसाठी आणि डाळीच्या पिठातून! भारतात शेवया आल्या त्या १९८३ मध्ये.

यातून आपल्याला काय सुचतं? कुळथाचं पीठ, भाजलेल्या मुगाचं पीठ, नागलीचं सत्त्व, यांची पाकिटं गट करतातच. दुपारी शेतातून आलेल्या बाईला दहा मिनिटांत कढण करता आलं पाहिजे, हा विचार सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी एका गिरणीवाल्याने केला. आपण तर स्वतः राबणाऱ्या बाया आहोत. आपल्याला तो जास्त चांगला करता येईल.

भोपळ्याचं सूप आणि स्वातंत्र्य

आता आजच्या बोलण्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. समुद्रापलीकडे हैती नावाचा छोटा देश आहे. तिथे फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिकेतून आणलेल्या माणसांना गुलाम करून उसाच्या मळ्यांत राबवलं. तिथे लाल भोपळ्याचं एक सूप होतं. भोपळे पिकवायचे गुलामांनी, सूप रांधायचं गुलाम बायांनी, आणि खायचं मालकांनी. रांधणारीला ते खायची मुभा नव्हती. पुढे गुलामांनी बंड केलं, फ्रेंच फौजेला हरवलं आणि १ जानेवारी १८०४ रोजी देश स्वतंत्र केला. त्या दिवशी त्यांनी काय केलं, माहीत आहे? तेच भोपळ्याचं सूप रांधलं आणि सगळ्यांनी मिळून खाल्लं. आजही तिथे दरवर्षी १ जानेवारीला घरोघर ते सूप होतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटतात. २०२१ साली युनेस्कोने जगाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत ते घेतलं. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, युद्धात होरपळणाऱ्या युक्रेनमधली बीटाचं ‘बोर्श’ नावाचं सूप रांधायची परंपराही तातडीने जपायच्या वारशात नोंदवली गेली. घरं पडत होती, तरी बाया तळघरात चूल मांडून ते शिजवत होत्या.

जिने रांधलं तिला ते पोटभर खाता आलं, ही एका देशाच्या स्वातंत्र्याची खूण ठरली. आता आपल्या घरात बघू या.

आपल्या घरातली पळी

आपल्याकडे पळी बाईच्या हातात असते. तरी तिच्या ताटात काय पडतं? आधी कर्ती माणसं, मग पोरं, मग सासूबाई, शेवटी आपण. डुबुकवड्या संपलेल्या, आमटीतली डाळ वर गेलेली, तळाशी उरलेलं लाल पाणी. त्यात भाकर चुरायची आणि झालं. पाहुणा आला की ‘रश्श्यात तांब्याभर पाणी घाल’ म्हणतो आपण हसत हसत. पण ते पाणी शेवटी कुणाच्या वाटीत येतं? आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आहे, असं राष्ट्रीय पाहणीत आढळलं आहे. त्याला कारणं अनेक आहेत. पण रिकामी वाटी हेही त्यातलं एक.

दुसरी गोष्ट बाळाची. सहा महिने पुरे झाले की आपण ‘वरणाचं पाणी’ सुरू करतो. प्रेमाने करतो, थोरांनी सांगितलं म्हणून करतो. पण नाइटिंगेलबाईंचा हिशेब आठवा. डाळ खाली राहते, बाळाच्या पोटात पाणी जातं. बाळाचं पोट लहानशा वाटीएवढं. ते पाण्याने भरलं की अन्नाला जागाच उरत नाही. पोट भरलेलं दिसतं, वजन वाढत नाही.

म्हणून बैठकीत करायला चार कामं सांगतो.

पहिलं, प्रयोग. गटाच्या बैठकीत वरणाचं वरवरचं पाणी एका वाटीत आणि घोटलेलं घट्ट वरण दुसऱ्या वाटीत, दोन्ही सारख्याच मापाने घ्या. मंद विस्तवावर दोन्ही आटवा आणि तळाशी काय राहतं ते सासू-सुनांनी मिळून बघा. भाषणापेक्षा हे लवकर पटतं.

दुसरं, बाळासाठी घट्टाचा नियम. सहा महिने पुरे होईपर्यंत फक्त आईचं दूध. त्यानंतर आईच्या दुधासोबत घोटलेली डाळ, त्यात कुस्करलेला मऊ भात किंवा भाकरीचा मधला मऊ भाग, वर थोडं तेल किंवा तूप. चमचा तिरपा केला तर ओघळून जाता कामा नये. बाळ आजारी असेल, जुलाब होत असतील तर आशाताईंना किंवा दवाखान्यात लगेच दाखवा.

तिसरं, रांधणारीची वाटी आधी काढून ठेवायची. एकत्र बसून जेवता आलं तर उत्तमच. नाहीच जमलं, तर वाढायला घेण्याआधी घट्ट डाळीची एक वाटी झाकून बाजूला. ती आपली. घरात पोटुशी किंवा बाळंतीण असेल तर तिची पहिली. जेवताना त्यावर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, म्हणजे डाळ-भाजीतलं लोह अंगी लागतं.

चौथं काम शाळेतलं. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की सरकारी शाळांत मुलांना शिजवलेलं जेवण द्यायचं. ते शिजवणाऱ्या आपल्याच कितीतरी जणी आहेत. नियम असा आहे की पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे दिवसाला २० ग्रॅम डाळ आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे ३० ग्रॅम. म्हणजे लहान १०० मुलं जेवणार असतील तर २ किलो डाळ पडली पाहिजे. हा आकडा शिजवणाऱ्या बाईला आणि मुलांच्या आईलाही पाठ हवा. माल कमी आला तर बोलता येतं, आणि पूर्ण आला तर ताटात दिसायला हवा. यात भांडण नाही, हिशेब आहे. आणि हिशेबाची वही तर आपण गटात दर महिन्याला ठेवतोच.

डाळ महाग आहे, हे आम्हालाही कळतं. म्हणून तुरीचा हंगाम निघाला की दहा-बारा घरांनी मिळून शेतकऱ्याकडूनच तूर घेऊन भरडून आणता येते. मूग, मठ, कुळीथ, चवळी, ज्या गावात जे स्वस्त मिळेल ते. गटाच्या पुढच्या ठरावात हा विषय घ्या.

वीस हजार वर्षांपासून माणूस भांड्यात पाणी उकळतो आहे. त्यात काय पडलं आणि ते कुणाच्या वाटीत गेलं, यावरून त्या त्या काळातल्या माणसांचं जगणं कळतं. आपल्या काळाबद्दल उद्या कुणी लिहील, तेव्हा आपल्या पातेल्याची नोंद चांगली व्हावी. पुढच्या बैठकीत वाट्या आटवून झाल्या की काय दिसलं ते आम्हाला नक्की कळवा. राम राम!